मुख्यमंत्र्यांच्या चौकशीची परवानगी त्यांच्याच बहुमताकडे नको : विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय सदस्यहो,

महाराष्ट्र विधानसभेच्या आणि विधान परिषदेच्या आपणा सर्व सदस्यांना, कोण कोणत्या पक्षाचे आणि कोणत्या बाकावरचे हे न पाहता, मी हे पत्र लिहीत आहे. राज्याच्या सर्वोच्च पदावरील व्यक्तीवर गंभीर आरोप झाले की लोकांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो ‘यातून काही निष्पन्न होणार नाही’ हा. आरोप खरे की खोटे याविषयी लोकांची मते वेगवेगळी असतात, पण ज्याची चौकशी व्हायची त्याच्याच हाती ती थांबवण्याची सोय आहे याविषयी मात्र सगळ्यांचे एकमत असते. ही भीती निराधार असती तर हे पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. दुर्दैवाने ती आपल्या कायद्यांच्या मजकुरातूनच निर्माण झालेली आहे, आणि म्हणून ती दूर करणे हे कायदे करणाऱ्यांचे, म्हणजे आपलेच काम आहे.

नव्या लोकायुक्त कायद्यासाठीचे जे विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर केले, त्यातील एका तरतुदीकडे मी प्रथम आपले लक्ष वेधतो. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात मंत्री आणि अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारी लोकायुक्त ही संस्था आली, आणि अशी संस्था प्रत्यक्षात उभी करणारे आपले राज्य देशात पहिले होते. मात्र त्या कायद्याने मुख्यमंत्र्यांना लोकायुक्तांच्या कक्षेबाहेर ठेवले होते. नव्या विधेयकाने त्यांना कक्षेत आणले याचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. परंतु त्याच विधेयकाने अशी अट घातली की मुख्यमंत्र्यांविरुद्ध चौकशी सुरू करण्यापूर्वी लोकायुक्तांनी विधानसभेची मान्यता घ्यावी, आणि ती मान्यता सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन-तृतीयांश बहुमताने मिळालेली असावी. अंतर्गत सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांच्याशी संबंधित आरोप तर चौकशीतून पूर्णपणे वगळले आहेत. चौकशी झालीच तर ती गोपनीय राहील, आणि तक्रार फेटाळली गेली तर चौकशीची कागदपत्रे कोणालाही उपलब्ध होणार नाहीत, असेही त्यात म्हटले आहे.

या अटीचा हिशेब आपण कागदावर मांडून पाहावा, अशी माझी विनंती आहे. विधानसभेची सदस्यसंख्या २८८ आहे, म्हणजे दोन-तृतीयांशासाठी १९२ सदस्यांची संमती हवी. याचाच अर्थ असा की ९७ सदस्यांनी संमती दिली नाही तर चौकशीला सुरुवातही होऊ शकत नाही. सरकार टिकवण्यासाठी मुख्यमंत्र्यांना १४५ सदस्यांचा पाठिंबा लागतो. ज्यांच्यामागे १४५ सदस्य आहेत म्हणून ते त्या पदावर आहेत, त्यांना ९७ सदस्य मिळणार नाहीत अशी परिस्थिती कल्पनेतही आणता येत नाही. २०२४ च्या निवडणुकीत सत्तारूढ आघाडीच्या तीन मुख्य पक्षांनी मिळून २३० जागा जिंकल्या. उद्या सत्तांतर होऊन आजच्या विरोधकांचे सरकार आले तरी, त्यांच्याजवळ जेमतेम बहुमत असले तरी, ही तटबंदी तशीच अभेद्य राहील. अविश्वास ठराव साध्या बहुमताने मंजूर होतो, म्हणजे या राज्यात मुख्यमंत्र्यांचे सरकार पाडणे त्यांची चौकशी सुरू करण्यापेक्षा सोपे आहे. राष्ट्रपतींवर महाभियोगाचा आरोप ठेवण्यासाठी संविधानाच्या अनुच्छेद ६१ ने एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांशांची अट घातली आहे. देशाच्या प्रथम नागरिकाला पदावरून दूर करण्याच्या प्रक्रियेसाठी जे प्रमाण लागते, तेच आपण एका तक्रारीत तथ्य आहे की नाही एवढे पाहण्यासाठी लावले आहे.

शिवाय हे मतदान मोकळ्या मनाने होईल अशी शाश्वती नाही. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, आणि तेव्हापासून पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा मतदानाला गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व धोक्यात येते. मुख्यमंत्र्यांच्या चौकशीचा प्रस्ताव सभागृहात आला तर सत्ताधारी पक्ष पक्षादेश काढील, आणि ज्या सदस्याला आपल्या सदसद्विवेकबुद्धीनुसार चौकशी व्हावी असे वाटते त्याला आपली आमदारकी पणाला लावूनच हात वर करावा लागेल. आपल्यापैकी अनेकांना हा पेच किती खरा आहे ते माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. १९२ सदस्यांची संमती म्हणजे सत्ताधारी पक्षातील डझनावारी सदस्यांनी एकाच वेळी हा धोका पत्करणे होय.

केंद्रातील कायदा या बाबतीत तुलनेने बरा आहे. १ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या लोकपाल कायद्यानेही पंतप्रधानांच्या चौकशीसाठी दोन-तृतीयांशांची अट घातली आहे, परंतु ती संसदेच्या नव्हे तर लोकपालाच्या स्वतःच्या पूर्णपीठाच्या सदस्यांची आहे. लोकपालाचे अध्यक्ष आणि सर्व सदस्य एकत्र बसून चौकशी सुरू करावी का याचा विचार करतात, आणि त्यांच्यापैकी दोन-तृतीयांश सदस्य अनुकूल असतील तर चौकशी सुरू होते. त्या कायद्यातही उणिवा आहेत, पहिल्या लोकपालाची नेमणूक व्हायला मार्च २०१९ उजाडला होता, आणि पंतप्रधानांसाठी वगळलेल्या विषयांची यादी तिथेही लांब आहे. तरी चौकशी करायची की नाही हे चौकशी करणाऱ्या संस्थेने ठरवायचे, हे मूळ तत्त्व तिथे शाबूत राहिले. आपल्या विधेयकात मात्र तो निर्णय त्या सभागृहाकडे गेला ज्याचे नेते स्वतः मुख्यमंत्री असतात. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात विधानसभेत हे विधेयक मंजूर झाले तेव्हा विरोधकांनी अन्य एका प्रश्नावर सभात्याग केला होता आणि विधेयकावर चर्चाच झाली नाही. ज्या कायद्यासाठी या राज्यात वर्षानुवर्षे आंदोलने आणि उपोषणे झाली, त्याच्या सर्वांत महत्त्वाच्या कलमावर विधानसभेत एकही भाषण होऊ नये, हे मला आजही खटकते. सत्ताधाऱ्यांनी घाई केली हे खरे, आणि विरोधकांनी त्या क्षणी सभागृहात नसणे पसंत केले हेही तितकेच खरे.

कोणी असे म्हणेल की चौकशी लोकायुक्तांनीच करावी असे कुठे आहे, पोलीस आहेत, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, केंद्रीय अन्वेषण विभाग आहे, चौकशी आयोग आहेत. म्हणून या प्रत्येक यंत्रणेची स्थिती पाहणे भाग आहे.

लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गृह विभागाच्या अखत्यारीत येतो, आणि गृह खाते अनेकदा मुख्यमंत्र्यांकडेच असते. अशा यंत्रणेतील चौकशी कशी थांबते हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना माहीत आहे की ‘चौकशी बंद करा’ असे लेखी कोणीही देत नाही. तपास अधिकाऱ्याची बदली होते आणि आदेशावर कारण ‘प्रशासकीय’ एवढेच असते. त्याच्या जागी कोणी येईपर्यंत काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून जाते, आणि ज्याच्याकडे स्वतःचीच प्रकरणे तुंबलेली आहेत तो त्या नस्तीला हात लावत नाही. नवा अधिकारी रुजू झाला की त्याला जबाब, जप्तीची यादी, बँकेचे उतारे आणि निविदांची बाडे पहिल्यापासून वाचावी लागतात. प्रयोगशाळेकडून अहवाल आलेला नसतो, म्हणून स्मरणपत्र जाते, मग दुसरे स्मरणपत्र जाते. न्यायालयात सरकारी वकील बदलतो आणि नवे वकील तयारीसाठी पुढची तारीख मागतात. ज्या कारकुनाने किंवा अभियंत्याने धीर करून जबाब दिलेला असतो, त्याच्या कानावर ही सगळी हालचाल जात असते, आणि पुढच्या वेळी बोलावले तेव्हा त्याला काही आठवत नाही. शेवटी ‘पुरेसा पुरावा आढळून येत नाही, सबब प्रकरण दप्तरी दाखल करावे’ अशी एक ओळीची टिपणी येते. या साखळीतील एकही कडी बेकायदेशीर ठरवता येत नाही, त्यामुळे पुढे कोणाला जाब विचारायचा हेच कळत नाही.

याचा तोटा फक्त तक्रारदाराला होतो असे कोणी समजू नये. नोव्हेंबर २०१९ मध्ये उपमुख्यमंत्रिपदाचा शपथविधी झाल्यानंतर दोनच दिवसांनी सिंचन प्रकल्पांतील कथित गैरव्यवहारांशी संबंधित नऊ चौकशा बंद झाल्याची बातमी आली. त्या नऊ प्रकरणांचा उपमुख्यमंत्र्यांशी संबंध नाही, असा खुलासा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने केला. तो खुलासा अक्षरशः खरा मानला तरी त्यावर किती लोकांनी विश्वास ठेवला, हे आपण सर्वजण जाणता. सरकारच्याच विभागाने सरकारमधील व्यक्तीला निर्दोष म्हटले तर ते प्रमाणपत्र समाजात चालत नाही. म्हणजे जो नेता खरोखर निर्दोष आहे त्यालाही आज या राज्यात आपले निर्दोषत्व सिद्ध करून घेण्यासाठी विश्वासार्ह जागा उरलेली नाही. स्वतंत्र चौकशीची सर्वाधिक गरज प्रामाणिक मुख्यमंत्र्याला आहे, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणतो.

केंद्रीय अन्वेषण विभागाची गोष्ट वेगळी आहे, पण ती याच प्रश्नाशी येऊन मिळते. दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायदा, १९४६ च्या कलम ६ नुसार या विभागाला राज्यात तपास करण्यासाठी राज्य सरकारची संमती लागते. महाराष्ट्राने ही सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि सरकार बदलल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा दिली. कर्नाटकात सप्टेंबर २०२४ मध्ये म्हैसूरच्या भूखंड प्रकरणी मुख्यमंत्र्यांविरुद्धच्या तपासाला राज्यपालांनी दिलेली मान्यता उच्च न्यायालयाने २४ तारखेला कायम ठेवली, आणि २६ तारखेला मंत्रिमंडळाने अशीच सर्वसाधारण संमती मागे घेतली. त्या सरकारने या दोन गोष्टींचा संबंध नसल्याचे सांगितले, आणि तो तपास मुळात लोकायुक्त पोलिसांकडे होता, हेही नमूद केले पाहिजे. राज्यांच्या बाजूने एक खरा युक्तिवाद आहे, तो मी नाकारत नाही. केंद्रातील सरकार आपल्या विरोधी पक्षांच्या मुख्यमंत्र्यांमागे तपास यंत्रणा लावते ही तक्रार जुनी आहे, ती आलटून पालटून सर्व पक्षांनी केलेली आहे, आणि तिच्यात तथ्य नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण मग निष्कर्ष काय निघतो तो पाहा. एक यंत्रणा मुख्यमंत्र्यांच्या स्वतःच्या हाताखाली आहे, दुसरी बहुधा त्यांच्या मित्राच्या किंवा वैऱ्याच्या हाताखाली आहे. पहिली त्यांना वाचवील, दुसरी कदाचित वाचवील किंवा कदाचित छळील, आणि खरे काय झाले हे शोधून काढण्याची बांधिलकी कोणाचीच नाही. म्हणूनच लोकायुक्तांना पर्याय नाही, आणि म्हणूनच त्यांच्या दारावर १९२ सदस्यांचे कुलूप लावणे इतके गंभीर आहे.

चौकशी आयोगांविषयी महाराष्ट्राला वेगळे काही सांगायला नको. मुंबईतील दंगलींच्या चौकशीसाठी जानेवारी १९९३ मध्ये नेमलेला न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोग, काम पूर्ण होण्यापूर्वीच, जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने गुंडाळला. ज्या पक्षाच्या नेत्यांची आणि कार्यकर्त्यांची भूमिका आयोगासमोर तपासली जात होती, तो पक्ष त्या वेळी सरकारचे नेतृत्व करत होता. तत्कालीन पंतप्रधानांच्या सूचनेनंतर मे १९९६ मध्ये आयोग पुन्हा सुरू झाला, फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला आणि तो ऑगस्टमध्ये सभागृहाच्या पटलावर ठेवला गेला. केंद्राकडून तो शब्द आला नसता तर तो अहवाल आज अस्तित्वात नसता. हे सर्व कायद्याला धरूनच झाले, कारण चौकशी आयोग कायदा, १९५२ च्या कलम ७ नुसार सरकारने नेमलेला आयोग सरकार केवळ अधिसूचनेने संपवू शकते. मात्र याच कलमात अशी व्यवस्थाही आहे की विधिमंडळाच्या ठरावानुसार नेमलेला आयोग बंद करायचा असेल तर तसा ठराव सभागृहांनीच करावा लागतो. मंत्रालयातील एका सहीने तो जात नाही. हे साधन आपल्या हातात आजही आहे, त्याची आठवण आपणास करून द्यावीशी वाटते.

न्यायालयांनी या बाबतीत दिशा स्पष्ट केलेली आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचा टप्पा आपल्याच राज्यातील आहे. सिमेंट वाटप आणि न्यासांना मिळालेल्या देणग्या यासंबंधी उच्च न्यायालयाचा प्रतिकूल निकाल आल्यावर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला. मुख्यमंत्र्यांवर खटला चालवण्यास मंजुरी द्यावी की नाही, हे राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने ठरवायचे की स्वतःच्या विवेकाने, असा प्रश्न त्या प्रकरणात उभा राहिला. जुलै १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्या विवेकाने, असे उत्तर दिले. त्या खटल्याचा पुढचा प्रवास लांबलचक आहे आणि त्यात मला शिरायचे नाही. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की मुख्यमंत्र्यांचे मंत्रिमंडळ मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत सल्ला देण्यास अपात्र आहे, हे तत्त्व चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या प्रकरणातून देशाला मिळाले. २००४ मध्ये मध्य प्रदेशातील दोन मंत्र्यांच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्याच दिशेने पुढचे पाऊल टाकले. लोकायुक्तांच्या चौकशीनंतरही मंत्रिमंडळाने मंजुरी नाकारली होती, राज्यपालांनी ती दिली, आणि न्यायालयाने राज्यपालांचा निर्णय उचलून धरला. मंत्रिमंडळाला स्वतःच्या प्रमुखाविषयी निःपक्ष राहता येत नाही असे न्यायालय मानत असेल, तर त्याच मंत्रिमंडळाच्या मागे उभ्या असलेल्या बहुमताकडून आपण निःपक्षपातीपणाची अपेक्षा कशाच्या आधारावर करतो?

चौकशी यशस्वी झाली की यंत्रणेचेच पंख छाटले जातात, हा अनुभवही दक्षिणेतील राज्यांत आला आहे. कर्नाटकात लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या बेकायदा खाणकामाविषयीच्या अहवालामुळे जुलै २०११ मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. पुढे दुसऱ्या पक्षाचे सरकार आले, आणि त्या सरकारने २०१६ मध्ये आपल्या अधीन असलेला लाचलुचपतविरोधी विभाग स्थापन करून लोकायुक्तांच्या पोलीस शाखेचे तपासाचे काम त्याच्याकडे वळवले. सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, उच्च न्यायालयाने तो विभाग रद्द केला. केरळमध्ये लोकायुक्तांनी दोषी ठरवलेल्या व्यक्तीला पद सोडायला लावणारे देशातील सर्वांत कडक कलम होते, आणि २०२१ मध्ये त्यामुळे एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. मुख्यमंत्र्यांविरुद्धची एक तक्रार लोकायुक्तांपुढे प्रलंबित असतानाच २०२२ मध्ये ते कलम सौम्य करण्यात आले, आणि मुख्यमंत्र्यांच्या बाबतीत लोकायुक्तांच्या निष्कर्षावर निर्णय घेण्याचा अधिकार विधानसभेकडे गेला. ती तक्रार पुढे फेटाळली गेली, हे न्यायाला धरून सांगितले पाहिजे. कर्नाटकात काँग्रेस होती, केरळमध्ये डावी आघाडी, आपल्याकडे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या आघाड्या. एका पक्षाला खोटे आणि दुसऱ्याला खरे ठरवण्यासाठी हे पत्र नाही. जो सत्तेत बसतो त्याला ही सोय हवीशी वाटते, असा सर्वांचा इतिहास आहे.

देशाबाहेर पाहिले तरी चित्र फारसे वेगळे दिसत नाही. अमेरिकेतील वॉटरगेट या राजकीय घोटाळ्याच्या प्रकरणात २० ऑक्टोबर १९७३ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आपलीच चौकशी करणारे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढून टाकण्याचा आदेश दिला. तो मानण्याऐवजी महान्यायवादी एलियट रिचर्डसन यांनी राजीनामा दिला, त्यांच्यानंतरच्या अधिकाऱ्यानेही नकार देऊन पद सोडले, आणि तिसऱ्याने आदेश अंमलात आणला. तरीही दोन आठवड्यांच्या आत नवे अभियोक्ता नेमावे लागले, कारण अमेरिकी संसदेच्या सदस्यांनी आणि जनतेने तो प्रकार पचू दिला नाही, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये निक्सन पायउतार झाले. मलेशियात २८ जुलै २०१५ रोजी पंतप्रधान नजीब रझाक यांनी सरकारी गुंतवणूक निधीच्या घोटाळ्याची चौकशी सुरू असताना महान्यायवादींना पदावरून दूर केले. नव्या महान्यायवादींनी काही महिन्यांतच पंतप्रधानांना निर्दोष ठरवले, आणि ते निर्दोषत्व २०१८ च्या निवडणुकीतील पराभवापर्यंतच टिकले. २०२० मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून बारा वर्षांची शिक्षा सुनावली, पुढे ती निम्मी झाली. दक्षिण आफ्रिकेत मात्र जेकब झुमा यांच्यावर कारवाई करणारे ‘स्कॉर्पियन्स’ हे तपास पथक संसदेनेच २००८ मध्ये कायदा करून मोडीत काढले. २०११ मध्ये घटना न्यायालयाने नव्या यंत्रणेला पुरेसे स्वातंत्र्य नसल्याचा निर्वाळा दिला, पण तोवर मोडायचे ते मोडून झाले होते. या तिन्ही देशांत प्रश्न शेवटी विधिमंडळाच्या वागण्यापाशी येऊन थांबला: अमेरिकेत सदस्य उभे राहिले, मलेशियात बहुतेक गप्प बसले, दक्षिण आफ्रिकेत त्यांनीच कुऱ्हाड चालवली.

आपल्या इतिहासातील रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव अशा वेळी हमखास घेतले जाते. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याची चौकशी करून रामशास्त्र्यांनी सत्तेवर बसलेल्या रघुनाथरावांनाच दोषी ठरवले, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण त्या कथेचा पुढचा भाग आपण घाईने उरकतो. निकाल दिल्यावर पुणे सोडून गेले ते रामशास्त्री, आणि पेशवाईच्या मसनदीवर राहिले ते राघोबादादा. त्यांना हटवण्यासाठी पुढे बारभाईंचे कारस्थान करावे लागले. एखाद्या रामशास्त्र्याच्या धैर्यावर राज्याची न्यायव्यवस्था सोपवणे धोक्याचे आहे, हा धडा मला त्यात दिसतो. अधिकाऱ्याला धैर्य दाखवण्याची गरजच पडू नये, असा कायदा असावा.

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. खोट्या तक्रारींचा पाऊस पडेल आणि मुख्यमंत्र्यांना काम करणे अशक्य होईल, असे म्हटले जाते. ही चिंता रास्त आहे, पण तिच्यावर उपाय चाळणीचा आहे, बंदीचा नाही. तक्रारीची प्राथमिक छाननी, लोकायुक्त आणि सर्व उपलोकायुक्त यांच्या एकत्रित पीठाची मान्यता, आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा, एवढे पुरेसे आहे. केंद्राच्या कायद्यात अशा तक्रारदाराला एक वर्षापर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जनतेने निवडलेल्या नेत्याविषयी न निवडलेल्या माणसाने निर्णय का घ्यावा, असाही प्रश्न केला जातो. चौकशी म्हणजे शिक्षा नव्हे, आणि मतदाराने दिलेला कौल हा राज्य चालवण्यासाठी असतो, तपासातून सूट मिळण्यासाठी नसतो. उच्च न्यायालय आहेच की, असे तिसरे उत्तर मिळते. ते आहे, आणि ५ एप्रिल २०२१ रोजी त्याने तत्कालीन गृहमंत्र्यांवरील आरोपांची प्राथमिक चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे देताना, ते गृहमंत्री असताना राज्य पोलिसांकडून स्वतंत्र चौकशी होऊ शकत नाही, हे कारण स्पष्टपणे दिले. पण प्रत्येक वेळी एखाद्या नागरिकाने वकील लावून न्यायालयाचे दार ठोठवावे आणि न्यायालयाने कायद्यातील उणीव भरून काढावी, ही व्यवस्था झाली असे कोणी म्हणणार नाही.

म्हणून माझी आपणा सर्वांस विनंती आहे की लोकायुक्त कायद्यातील विधानसभेच्या दोन-तृतीयांश मान्यतेची अट काढून टाकण्यासाठी आपण दुरुस्ती आणावी, आणि मुख्यमंत्र्यांविरुद्धच्या चौकशीचा निर्णय लोकायुक्तांच्या पूर्णपीठाकडे द्यावा. सरकार असे विधेयक आणणार नसेल तर आपल्यापैकी कोणीही ते अशासकीय विधेयक म्हणून मांडू शकतो, आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी मिळून सही केली तर त्याचे वजन वेगळे असेल. लोकायुक्तांकडे स्वतःचे तपास अधिकारी असावेत आणि चौकशी चालू असताना लोकायुक्तांच्या लेखी संमतीशिवाय त्यांची बदली किंवा प्रतिनियुक्ती होऊ नये, हे कायद्यात स्पष्टपणे यावे. कोणत्याही मंत्र्याविरुद्धची चौकशी बंद झाली तर तिची सविस्तर कारणे ठरावीक मुदतीत दोन्ही सभागृहांच्या पटलावर यावीत. तक्रार फेटाळली गेल्यावर कागदपत्रे कायमची बंदिस्त ठेवण्याची तरतूद तर निर्दोष ठरलेल्या नेत्याच्याच हिताविरुद्ध आहे, तिचा फेरविचार व्हावा. केंद्रीय अन्वेषण विभागाची संमती देणे आणि काढणे हा निर्णयही सभागृहासमोर कारणांसह ठेवला जावा, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार प्रलंबित आहे त्यांनी त्या निर्णयाच्या बैठकीत बसू नये.

यातील कोणतीही गोष्ट एखाद्या विशिष्ट व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून मागितलेली नाही. एखादी चौकशी ऐरणीवर असताना असा बदल सुचवला तर तो कोणाच्या तरी विरोधात असल्याचा संशय येणारच, आणि म्हणून तो शांत काळात करणे शहाणपणाचे आहे. आगामी अधिवेशनात आपण या तरतुदीवर लक्षवेधी किंवा अल्पकालीन चर्चा मागावी आणि आपली भूमिका आपल्या मतदारसंघातील नागरिकांना लेखी कळवावी. ज्यांचा या अटीला पाठिंबा आहे त्यांनीही तो का आहे ते नावानिशी सांगावे. त्यांचा युक्तिवाद मी पूर्ण आदराने वाचेन, कारण डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेत तो कोणी मांडलाच नाही.

आपला विश्वासू,
महाराष्ट्रातील एक मतदार